सोळा माइक, एक तार, एक घड्याळ

उज्जैन शहर उत्तरेला संपत आलं की क्षिप्रेच्या काठाने भैरवगढ़ लागतं. तिथली माणसं बोलताना भेरूगढ़ म्हणतात. यात्रेकरू इथे काळभैरवाला आणि सिद्धवटाला येतात, कापडवाले बाटिकसाठी येतात. छिपा समाजातली घरं पिढ्यान्‌पिढ्या इथे कापड छापत आली आहेत. वितळलेलं मेण कुंचल्याने कापडावर उतरवायचं, कापड रंगात बुडवायचं, मग उकळत्या पाण्यात मेण सोडवायचं, हे काम आजही इथल्या गल्ल्यांतून चालू असतं. अशाच एका घराचा जुना कारखाना अर्धा रिकामा झाला होता. घरातल्या तरुण मुलाने त्या रिकाम्या भागात रेकॉर्डिंग स्टुडिओ करायचं ठरवलं आणि आवाजाची सगळी व्यवस्था लावून द्यायला इंदूरहून मला बोलावलं.

त्याला काय रेकॉर्ड करायचं होतं ते पक्कं ठाऊक होतं. माळव्यातल्या भजनमंडळ्या. हा प्रदेश कबीराच्या निर्गुणी भजनांनी भिजलेला आहे. १९४८ साली क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले, तेव्हा अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांच्या कानांवर पडली ती इथलीच लोकगीतं. पुढे त्यांच्या गाण्यातून माळव्याचं निर्गुणी भजन महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचलं. लुनियाखेड़ीच्या प्रल्हादसिंह टिपानिया यांनी तेच कबीर गावोगाव गायले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण या मोठ्या नावांमागे गावोगावच्या मंडळ्या आहेत. शेतावरून येणारे, शाळेत शिकवणारे, मजुरी करणारे लोक रात्री एकत्र बसून गातात. त्यातल्या बहुतेकांचं गाणं आज मोबाइलवरच उतरवलं जातं, नाहीतर लाउडस्पीकरच्या गोंगाटात विरून जातं.

असं गाणं रेकॉर्ड करायची एक अट असते. मंडळी एकत्र बसली पाहिजे. हल्ली बहुतेक स्टुडिओंत आधी ठेका, मग हार्मोनियम, मग गायक असं एकेकाला बोलावून थरावर थर चढवतात. भजनाला ते चालत नाही. मुख्य गायकाच्या एका हातात तंबूर असतो, दुसऱ्या हातात करताळ असते. तो गाता गाता थांबतो, एखाद्या ओळीचा अर्थ सांगतो, पुन्हा उचलतो. ढोलकवाला त्याच्या खांद्याकडे बघून सम ओळखतो. मागे साथ करणारे झीलकरी त्याच्या श्वासावर ओळ उचलतात. त्यांना वेगळं केलं की गाणं चुकत नाही, पण मरतं. म्हणून मला एका वेळी दहा-पंधरा माइक लागणार होते, आणि ते सगळे एकाच क्षणी, एकमेकांच्या तालात नोंदले जायला हवे होते.

अडचण जागेची होती. गायला चांगली खोली अंगणाच्या मागच्या टोकाला. तिच्या भिंती हात-दीड हात जाड, छप्पर उंच, जमीन फरशीची. जाजम आणि गाद्या टाकल्यावर तिथला आवाज गोड लागत होता. पण यंत्रं आणि संगणक ठेवायची खोली पुढच्या बाजूला, वरच्या मजल्यावर, कारण तिथेच धूळ आणि ओल कमी. दोन्ही खोल्यांमध्ये भिंतीच्या कडेने तार नेली तर पन्नासेक मीटर. जुन्या पद्धतीने करायचं तर मनगटाएवढी जाड मल्टिकोर केबल ओढावी लागली असती. माइकमधून निघणारा सिग्नल अगदी नाजूक असतो. तो इतक्या लांब, पाण्याच्या मोटरच्या आणि घरच्या वायरिंगच्या शेजारून न्यायचा म्हणजे वाटेत जे जे मिसळेल ते सगळं रेकॉर्डिंगमध्ये येणार. शिवाय दोन खोल्यांच्या अर्थिंगमध्ये थोडा जरी फरक असला तरी घरघर सुरू होते. जुन्या घरात असा फरक असतोच.

म्हणून नेटवर्कवर चालणारा ऑडिओ इंटरफेस घ्यायचा निर्णय झाला. सोळा माइकचा खोका गाण्याच्या खोलीतच ठेवायचा. माइकचा आवाज दोन-तीन मीटरवरच आकड्यांत बदलायचा. मग ते आकडे इंटरनेटच्या साध्या तारेसारख्याच एका तारेवरून वर पाठवायचे. यासाठी आम्ही डान्टे पद्धत निवडली. ती ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या ऑडिनेट कंपनीची. कंपनी २००६ साली सुरू झाली आणि आज ध्वनीच्या व्यवसायात हीच पद्धत सर्वांत जास्त दिसते. नेटवर्कवरून आवाज पाठवण्याची कल्पना त्याआधीची, १९९० च्या दशकातल्या कोब्रानेटची. वेगवेगळ्या पद्धतींना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने २०१३ मध्ये एईएस-६७ हे मानक काढलं. दूरचित्रवाणी केंद्रांत, मोठ्या सभागृहांत, मैफलींच्या मांडवांत नेटवर्कवरून आवाज नेण्याची ही पद्धत रुळली आहे. लहान गावातल्या स्टुडिओपर्यंत ती आता पोहोचू लागली आहे.

लोकांना वाटतं, इतके आवाज एका बारीक तारेतून कसे जातील? हिशेब सोपा आहे. एका सेकंदात ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा, म्हणजे एका माइकला सेकंदाला साडेअकरा लाख बिट लागतात. सोळा माइकचे मिळून दोन कोटींच्या आत. आजच्या गिगाबिट तारेची क्षमता १०० कोटी बिटांची. तेव्हा जागेची चिंता नसते. चिंता असते ती वेळेची. संगणकांच्या नेटवर्कवर एखादी फाइल अर्धा सेकंद उशिरा आली तर कुणाचं काही बिघडत नाही. इथे आवाजाचा एखादा तुकडा ठरल्या वेळेनंतर पोहोचला तर तो वाया जातो आणि कानाला ते कळतं.

कामाची सुरुवात तारेपासून केली. उज्जैनच्या बाजारात कॅट-सिक्सच्या नावाखाली स्वस्त तार सहज मिळते. तिच्या आत ॲल्युमिनियम असतं, वरून तांब्याचा मुलामा. सुरी घेऊन तारेचं टोक खरवडलं की आतला पांढरा रंग दिसतो. अशी तार वाकवली की लवकर तुटते. गायकांना आवाज ऐकवणाऱ्या हेडफोनच्या खोक्याला तिच्यातूनच वीजही पुरवायची म्हटलं तर तापते आणि शेवटच्या टोकाला दाब कमी पडतो. मी शुद्ध तांब्याची तार मागवली. ती बिनजाळीची घेतली. नेटवर्कच्या प्रत्येक पोर्टमध्ये बारीक ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे दोन खोल्यांची अर्थिंग एकमेकांना भिडत नाही. जाळीची तार दोन्ही टोकांना जोडली तर तीच अर्थिंग पुन्हा एकमेकांना गाठते आणि जी घरघर टाळायची तीच परत येते.

तार अंगणातून न्यायची तर उन्हाचा आणि माकडांचा विचार करावा लागतो. भैरवगढ़मध्ये देवळांच्या आसपास माकडांची टोळी रोजची. लोंबती तार त्यांना झोक्यासारखी वाटते. म्हणून लोखंडी नळीतून तार नेली आणि एक जादा तारही तिच्यातच ओढून ठेवली. घरच्या विजेच्या तारांपासून नळी हातभर दूर ठेवली. जिथे ओलांडणं भाग होतं तिथे काटकोनात ओलांडली. वायरमन भला माणूस होता, पण त्याला हा सगळा सोपस्कार वाटत होता. मी त्याला टेस्टर लावून आठही तारांचा क्रम दाखवला, मग तोच प्रत्येक जोड दोनदा तपासू लागला.

तार झाली, खोके जागेवर बसले, सगळे दिवे हिरवे लागले. संगणकाच्या पडद्यावर डान्टे कंट्रोलरचा चौकटींचा तक्ता उघडला. एका बाजूला आवाज देणारी यंत्रं, दुसऱ्या बाजूला घेणारी. जिथे टिचकी मारली तिथे हिरवी खूण उमटली, म्हणजे जोडणी झाली. चाचणीसाठी एका माइकसमोर घड्याळ ठेवलं आणि नोंदायला सुरुवात केली. ऐकताना टिकटिकीच्या मध्येच ‘टक्’ असा वेगळा, बारीक आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. कधी लवकर, कधी उशिरा. माइक बदलला, तार बदलली, खोक्याचा पोर्ट बदलला, तरी ते टक् गेलं नाही.

अशा वेळी अंदाज बांधत बसायचं नाही. कंट्रोलरमध्ये दोन गोष्टी बघायच्या. पहिली, प्रत्येक यंत्राच्या आतलं घड्याळ नेटवर्कच्या मुख्य घड्याळाला किती घट्ट धरून आहे. दुसरी, आवाजाची पाकिटं, म्हणजे आकड्यांचे छोटे गठ्ठे, ठरल्या वेळेत पोहोचतात का. दोन्हींचे आलेख उभे केले आणि उत्तर समोर आलं. पाकिटं बहुतेक वेळा नीट येत होती, पण अधूनमधून काही उशिरा पोहोचत होती. घड्याळाचा आलेखही त्याच वेळी हलत होता. दोष सगळ्या तारा एकत्र जोडणाऱ्या स्विचमध्ये होता. घरात इंटरनेट देणाऱ्याने बसवलेला स्विच आम्ही तात्पुरता वापरत होतो. त्यात वीज वाचवायची सोय होती. तारेवर काम नाही असं वाटलं की स्विच तो पोर्ट क्षणभर झोपवतो आणि काम आलं की उठवतो. घरगुती वापराला हे चांगलं. आवाजाला मात्र ती डुलकी महाग पडते. त्या स्विचमध्ये ही सोय बंद करायला वाव नव्हता.

नवा स्विच आला तो व्यवस्थापनाची सोय असलेला. त्यात पहिलं काम केलं ते वीजबचत बंद करण्याचं. दुसरं काम प्राधान्य ठरवण्याचं. घड्याळाची पाकिटं सगळ्यांत आधी, मग आवाजाची, मग बाकीची. तिसरं काम, एकच आवाज अनेक हेडफोनना एकदम पाठवायचा झाला तर तो नको त्या पोर्टांत सांडू नये याची व्यवस्था. आणि चौथं, ज्यावर मी अडूनच बसलो, ते म्हणजे घरचं इंटरनेट या स्विचवर येणार नाही. संगणकाला दोन पोर्ट आहेत. एक आवाजाचा, एक बाहेरच्या जगाचा. वायफायवरून ही पद्धत आवाज नेत नाही, तेव्हा तो मोह मुळातच नको. हे झाल्यावर पुन्हा घड्याळ ठेवलं, पुन्हा नोंद केली, अख्खी रात्र चालू ठेवली. एकही टक् नाही.

या सगळ्या प्रकरणात खरं महत्त्व घड्याळाचं आहे, आणि ते उज्जैनमध्ये समजावणं सोपं जातं. शहराच्या दुसऱ्या टोकाला वेधशाळा आहे. १८ व्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगांनी ती बांधली, पुढे ती मोडकळीला आली. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी तिचा कारभार पाहिला. भारतीय ज्योतिषात मध्यरेषा उज्जैनवरून मोजत. तिथल्या सम्राट यंत्राच्या सावलीवरून उज्जैनची स्थानिक वेळ कळते. ती भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सरासरी २७ मिनिटांनी मागे असते. सावली खोटी नाही आणि मनगटावरचं घड्याळही खोटं नाही. पण आगगाडी चालवायची तर सगळ्यांनी एकच वेळ धरावी लागते, म्हणून यंत्राजवळ फरकाचा तक्ता लावलेला असतो.

माझ्या खोक्यांचंही तेच. प्रत्येकाच्या पोटात स्वतःचं स्फटिकाचं घड्याळ असतं आणि कुठलीच दोन घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. एका नमुन्याचा काळ एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम २१ भाग. तिथे फरक जराही साठला की आवाजात खड्डा पडतो. म्हणून नेटवर्कवरची यंत्रं आपापसांत एक पुढारी निवडतात. तो सेकंदातून अनेकदा वेळ सांगतो. बाकीचे त्याला उलट विचारून, निरोप यायला किती वेळ लागला ते मोजतात आणि तेवढा फरक जुळवून घेतात. पुढारी बंद पडला तर दुसरा आपोआप जागा घेतो. मी गाण्याच्या खोलीतल्या खोक्याला पुढारी नेमलं, कारण माइकचा आवाज आकड्यांत बदलतो तो तिथेच, आणि तो खोका कायम चालू असतो. नुसत्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या संगणकाला हे पद सहसा मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. संगणकाला इतर पन्नास कामं असतात.

पुढचं काम नावांचं. बाहेरून बघणाऱ्याला हे कारकुनी वाटेल. पण या पद्धतीत जोडणी यंत्राच्या नावावर आणि माइकच्या नावावरच होते. उद्या खोका जळाला, त्याच्या जागी तसाच दुसरा आणला आणि त्याला तेच नाव दिलं, की सगळ्या जोडण्या आपोआप परत उभ्या राहतात. नाव बदललं की सगळं तुटतं. म्हणून कारखान्यातून आलेली अगम्य नावं पहिल्याच दिवशी पुसली. यंत्राचं नाव ३१ अक्षरांच्या आत आणि रोमन लिपीत द्यावं लागतं, देवनागरी चालत नाही. तेव्हा तंबूर, ढोलक, मंजिरा, व्हायोलिन, पेटी ही माइकची नावंही रोमन अक्षरांतच घातली. खोक्याच्या प्रत्येक भोकावर मात्र देवनागरीत चिठ्ठी चिकटवली. स्टुडिओचा मुलगा आणि त्याची धाकटी बहीण दोघांनी मिळून त्या चिठ्ठ्या लिहिल्या. आता तीच बहीण सर्वांत आधी सांगते की कुठला माइक कुठे गेला.

सगळ्या यंत्रांचा नमुन्यांचा वेग सारखा असावा लागतो, नाहीतर ती एकमेकांना आवाज देत नाहीत. आम्ही सगळीकडे ४८,००० ठेवला. वीज जाण्याचा प्रश्न होताच. खोका, स्विच आणि संगणक, तिघांनाही यूपीएसवर घेतलं. स्विच विसरतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. वीज गेली की संगणक चालू राहतो, खोका चालू राहतो आणि मधला स्विच बंद पडून अख्खं गाणं जातं. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा नव्याने करून घेतला.

मग मंडळी आली. उज्जैनजवळच्याच एका खेड्यातले लोक. त्यांचे मुख्य गायक सत्तरीकडे झुकलेले, सगळे त्यांना ‘बा’ म्हणत. त्यांनी जाजमावर बसून तंबूर लावला, करताळ बोटांत अडकवली. ढोलकचा आवाज सगळ्या माइकांत शिरू नये म्हणून ढोलकवाल्याला शेजारच्या कोठीत, दार उघडं ठेवून, समोरासमोर दिसेल असं बसवलं होतं. त्यामुळे त्याला आणि बांना हेडफोन देणं भाग होतं. मुद्दाम दोन्ही पद्धती त्यांच्या कानावर घालायच्या असं मी आधीच ठरवलं होतं. आधी बहुतेक स्टुडिओंत असतो तसा, संगणकातून फिरून येणारा आवाज दिला. बांनी दोन ओळी म्हटल्या, थांबले आणि हेडफोन काढून म्हणाले, “भैया, म्हारी आवाज म्हारा पाछे-पाछे चले है.”

त्यांच्या कानाने जे पकडलं ते बरोबर होतं. संगणकातून जाऊन येताना आवाजाला दहा-पंधरा मिलिसेकंद लागत होते. तेवढ्यात हवेतला आवाज साडेतीन ते पाच मीटर जातो. म्हणजे स्वतःचा आवाज खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून ऐकू यावा तसं होत होतं. नेटवर्कचा खरा फायदा इथे मिळतो. माइकचा आवाज संगणकात न नेता थेट स्विचवरून हेडफोनच्या खोक्याकडे वळवला. नेटवर्कवरचा उशीर एका मिलिसेकंदावर ठेवला होता. दोन्ही टोकांचं रूपांतर धरून सगळा मिळून दोन-अडीच मिलिसेकंद. तेवढ्यात आवाज हवेतून दीड-दोन हातच जातो. बांनी पुन्हा हेडफोन घातला, या वेळी एकच कान झाकला, दुसरा उघडा ठेवला. काहीच बोलले नाहीत. तंबूर छेडला आणि गायला लागले. कोठीतल्या ढोलकने सम अचूक पकडली, मागच्या झीलकऱ्यांनी ओळ उचलली आणि गाणं पुढे पुढे गेलं. वरच्या खोलीत मी पडद्यावर सोळा रेघा एका चालीने चालताना बघत होतो आणि कान मात्र खाली लागले होते. या कामात इतक्या वर्षांनीही माझ्या अंगावर काटा येतो तो अशाच वेळी.

जागेचा गोंगाट मात्र कुठलंही नेटवर्क थांबवू शकत नाही. काळभैरवाच्या वाटेवर गाड्या असतात, मिरवणुका असतात, लाउडस्पीकर असतात. सणावाराला तर बोलायलाच नको. २०१६ च्या सिंहस्थात हा परिसर कसा फुलला होता ते उज्जैनकरांना आठवत असेल. पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. दारं-खिडक्यांना जाड गाद्यांचे पडदे केले, फटींत रबर बसवलं, तरी शांत वेळ पाहूनच काम करावं लागतं. उन्हाळ्यात दुपारी छप्पर तापतं आणि पंखा चालवता येत नाही. म्हणून मंडळ्या रात्री येतात, आणि तसंही भजनाची वेळ रात्रीचीच.

निघताना मी त्या मुलाला एक कागद लिहून दिला आणि तो स्विचच्या वर भिंतीला लावायला सांगितला. कुठली तार कुठून कुठे जाते, प्रत्येक यंत्राचं नाव काय, पुढारी घड्याळ कुठलं, वेग किती, उशीर किती, स्विचमध्ये काय बंद आहे आणि का. शेवटची ओळ अशी की रेकॉर्डिंग चालू असताना संगणकावर कुठलाही अपडेट घ्यायचा नाही. मी इंदूरला असतो. रात्री बारा वाजता काही अडलं तर माझा फोन लागेल न लागेल, कागद मात्र तिथेच असेल. यंत्रं लावणारा माणूस गेल्यावरही व्यवस्था चालली पाहिजे, तरच ती व्यवस्था.

महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर मराठी मुलखातही असे कितीतरी स्टुडिओ लहान गावांत उभे राहत आहेत. सांगलीत, परभणीत, बेळगावात, गोव्यातल्या खेड्यांत. तिथे वारकरी भजनं आहेत, शाहिरी आहे, गोंधळ आहे, दशावतार आहे. ही सगळी मंडळींनी मिळून करायची गाणी आहेत. त्या स्टुडिओवाल्यांना माझं सांगणं एवढंच आहे. महागडा माइक पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल. आधी शुद्ध तांब्याची तार घ्या, वीजबचत बंद करता येईल असा गिगाबिट स्विच घ्या, स्विचला यूपीएसवर ठेवा, अर्थिंग नीट करा, आवाजाचं नेटवर्क इंटरनेटपासून वेगळं ठेवा आणि यंत्रांना नीट नावं द्या. गायकाच्या कानात त्याचा आवाज संगणकातून फिरवून देऊ नका, थेट द्या. आणि एकेकाला वेगळं बोलावू नका. मंडळीला एकत्र बसवा, एकत्र गाऊ द्या.